चिपळूणच्या पावसात थर्माकोलचं कॉर्निस टिकेल का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चिपळूणला दोन मजली बंगला बांधला जातोय, आरसीसी कॉलम-बीम आणि मध्ये चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती. इंजिनिअरने दर्शनी बाजूला स्लॅबच्या पातळीवर फूटभर पुढे येणारं कॉर्निस (भिंतीबाहेर काढलेली आडवी नक्षीदार पट्टी), खिडक्यांभोवती पट्ट्या आणि पोर्चच्या दोन खांबांना गोल आवरण, असं सगळं फोममध्ये, म्हणजे थर्माकोलमध्ये सुचवलंय. गवंडी म्हणतो, नेहमीसारखं विटा-सिमेंटात करू. शेजारी म्हणतात, थर्माकोल कोकणच्या पावसात टिकतं होय? ताईंना कळत नाहीये की तिघांपैकी ऐकायचं कोणाचं.

ताई, मी गेली बावीस वर्षं दर्शनी भिंतींचीच कामं करतो. सुरुवात सिमेंटच्या फर्म्याने, म्हणजे नक्षीच्या साच्याने झाली, मग जीआरसी (काचतंतू मिसळलेलं सिमेंट) आलं आणि गेली चौदा-पंधरा वर्षं मुख्यतः फोम. त्या अनुभवावरून आधी उत्तर देतो, कारणं नंतर. कॉर्निस फोममध्ये करा, पण फूटभराऐवजी आठ इंच पुढे काढा. खिडक्यांच्या पट्ट्या गवंड्याकडून सिमेंटातच करून घ्या. खांबांचा वरचा भाग फोमचा चालेल, खालचे दोन फूट दगडाचे किंवा सिमेंटचे हवेत. म्हणजे इंजिनिअर, गवंडी आणि शेजारी, तिघांचंही थोडं थोडं बरोबर आहे.

शेजाऱ्यांच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती रास्त आहे. थर्माकोल म्हटलं की आपल्याला गणपतीचं मखर आठवतं, दहा दिवसांत कोपरे मोडलेलं आणि घरभर पांढरे मणी सांडणारं. भिंतीवर जातं ते त्याच जातीचं असतं, त्याचं खरं नाव एक्सपांडेड पॉलिस्टायरीन, कामावर आम्ही ईपीएस म्हणतो. त्यात साधारण ९८ टक्के हवाच असते. ते कुजत नाही, गंजत नाही आणि पाण्यात विरघळतही नाही. मात्र मखराच्या थर्माकोलवर काही चढवलेलं नसतं. भिंतीवरच्या ईपीएसवर काचतंतूची जाळी आणि पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा लेप असतो. ऊन, पाऊस, धक्का हे सगळं तो लेप सोसतो. आतला फोम फक्त आकार धरून ठेवतो. आजवर मी जेवढी बिघडलेली कामं उघडून पाहिली, त्यातल्या एकातही फोम आपणहून खराब झालेला नव्हता. लेप फाटला होता, सांधा उघडला होता, माथ्यावर पाणी साचलं होतं किंवा मागचा गिलावा सुटला होता. म्हणून कंत्राटदाराशी बोलताना फोमवर कमी आणि या चार गोष्टींवर जास्त वेळ घालवा.

मग हा खटाटोप करायचाच कशाला? वजनासाठी. तुमच्या इंजिनिअरने दिलेलंच माप घेऊ, ३०० मिलिमीटर पुढे आणि २५० मिलिमीटर उंच. नक्षीची वळणं वजा केली तर छेदाचं क्षेत्रफळ साधारण ०.०४५ चौरस मीटर भरतं. हे भरीव विटा-सिमेंटात केलं तर दर मीटर लांबीला ९० किलोच्या आसपास वजन येतं. जीआरसीचं १२ मिलिमीटर जाडीचं कवच घेतलं तर १७ ते २० किलो. घनमीटरला २० किलो घनतेचं ईपीएस घेतलं तर फोम ९०० ग्रॅमचा आणि त्यावर ३ मिलिमीटर लेप चारेक किलोचा, मिळून पाच किलो. दर्शनी बाजू सोळा मीटर धरली तर एकीकडे जवळजवळ दीड टन आणि दुसरीकडे ८० किलो. तो दीड टन भिंतीच्या बाहेर लोंबकळणार, आणि त्याला आधार द्यायचा तर स्लॅबमधून सळया आधीच काढून ठेवाव्या लागतात. तुमचा स्लॅब पडून गेला आहे. आता भोकं पाडून सळया बसवणं आणि त्यावर विटा रचणं मला पटत नाही. त्यात तुम्ही कोयनेच्या पट्ट्यात राहता. ११ डिसेंबर १९६७ ची भूकंपाची पहाट तुमच्याकडच्या जुन्या माणसांना अजून आठवत असेल. भूकंपात भिंतीबाहेर आलेलं जड बांधकाम आधी सुटतं आणि ते नेमकं दारातून बाहेर पळणाऱ्याच्या डोक्यावर येतं. कॉर्निसपुरतं मी फोमच्या बाजूने उभा राहतो ते मुख्यतः यासाठी.

खिडकीच्या पट्ट्यांना हे कारण लागू होत नाही. दीड-दोन इंच जाडीची पट्टी गवंडी पत्र्याचा फर्मा करून, लाइनदोरीत ओढून सुरेख काढतो. ती भिंतीच्या गिलाव्याशी एकजीव होते, सांधा राहत नाही. खिडकीपाशी हात लागतो, पडदे-जाळीवाला येऊन ड्रिल मारतो, कोणी दिवाळीला आकाशकंदिलाचा खिळा ठोकतो. अशा जागी सिमेंट बरं. फर्मा ओढणारा कारागीर हल्ली पटकन मिळत नाही हे खरं, पण तुमचा गवंडी स्वतःहून म्हणतोय म्हणजे त्याला ते काम येत असावं. त्याच्या हातातलं कौशल्य वापरा.

आता पाणी. कोकणात सगळं तिथेच ठरतं. नाशिकला किंवा पुण्याला पावसाळ्यात साधारण ७०० मिलिमीटर पडतो, तुमच्याकडे तीन हजारांच्या वर जातो आणि तोही वाऱ्यासकट आडवा. जुन्या दगडी इमारतींवर कॉर्निस आलं ते शोभेआधी भिंतीवरून पाणी दूर फेकायला. मुंबईत मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर पापण्यांसारखे पातळ छज्जे दिसतात, त्यांचंही काम तेच, भिंतीला ऊन-पावसाचा आडोसा. फोमचं कॉर्निस मात्र बरेचदा चित्रात पाहून कापलं जातं. माथा सपाट ठेवतात, पाणी तिथे थांबतं, भिंत आणि कॉर्निस यांच्या फटीत शिरतं आणि मागे उतरतं. ज्या वस्तूने भिंतीचं रक्षण करायचं, तीच भिंतीला पाणी पाजू लागते.

म्हणून पहिली अट माथ्याचा उतार. या पद्धतीच्या लेपाच्या कामांसाठी अमेरिकेत जे मार्गदर्शक नियम आहेत, त्यात उतार किमान एकास दोन धरतात, म्हणजे दोन इंच पुढे जाताना एक इंच खाली. असा उतरता माथा एक फुटापेक्षा लांब नसावा असंही सांगतात. आपल्याकडे हा आकडा सांगितला की कंत्राटदार म्हणतो, एवढा उतार दिला तर नक्षी कुठे राहिली? त्याचं म्हणणं अगदी चूक नाही. तीनशे मिलिमीटर पुढे यायचं तर माथ्यावर दीडशे मिलिमीटर उंची फक्त उतारात जाते, अडीचशेच्या कॉर्निसला खाली शंभरच उरतात. म्हणूनच मी आठ इंच म्हणालो. दोनशे मिलिमीटर पुढे, माथ्याला शंभरचा उतार, समोर दीडशे मिलिमीटर नक्षीला मोकळे. रस्त्यावरून बघणाऱ्याला तो माथा दिसत नाही, पण पुढची वीस वर्षं पाणी त्यावरूनच उतरायचं आहे.

दुसरी अट, कॉर्निसची वरची कड भिंतीला मिळते ती रेघ. तयार लेप दिलेले तुकडे आणून चिकटवले की ही रेघ उघडीच राहते. त्यात पुट्टी भरतात, रंग मारतात, आणि पहिला पावसाळा त्यावर छान जातो. दुसऱ्या उन्हाळ्यात तिथे केसाएवढी भेग दिसू लागते. कोकणातल्या कामात मी तयार लेपाचे तुकडे वापरत नाही. नुसता कापलेला फोम भिंतीला चिकटवतो आणि जाळी-लेप जागेवर करतो. वर आणि खाली दोन्हीकडे जाळी भिंतीच्या गिलाव्यावर किमान १०० मिलिमीटर चढवतो, आणि वरच्या कोपऱ्यात गच्चीच्या कठड्याला देतात तसा छोटा वाटा (कोपरा भरून काढणारा गोलसर उतार) काढतो. त्यावर पावडर कोटिंग केलेल्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची टोपी. टोपीची मागची कड गिलाव्यात कापलेल्या खाचेत शिरली पाहिजे, नुसती सिलिकॉनने चिकटवलेली चालत नाही. ही टोपी खर्च वाढवते. नाशकात मी ती सुचवत नाही, चिपळूणला सोडू देणार नाही.

तिसरं म्हणजे खालची कड. पाणी पुढच्या तोंडावरून उतरतं आणि खालच्या सपाट पोटावरून मागे सरकत भिंतीला भिडतं, तिथे काळे ओघळ येतात. पागोळी कडेलाच तुटावी म्हणून दगडाच्या कामात पोटाला खाच मारतात. फोममध्ये तशी खाच कापणं सोपं आहे, पण तिच्या आत जाळी दाबून लेप नीट बसवणं फार अवघड, तिथे तो पातळ राहतो. त्याऐवजी जाळी लावलेली पीव्हीसीची ड्रिप पट्टी मिळते. बाहेरच्या कडेपासून इंचभर आत ती लेपात बसवून टाका.

हे मला कोणी शिकवलं असं नाही. तेरा-चौदा वर्षांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातच एका घराचं काम केलं होतं. माथा जवळजवळ सपाट, वरच्या रेघेत पुट्टी, मागे चिकटवण्याचा माल सगळीकडे न लावता गोळ्यागोळ्यांनी लावलेला, कारण तसं भरभर होतं. तिसऱ्या पावसाळ्यात मालकांचा फोन आला, कॉर्निसखाली रंग फुगलाय. जाऊन एक तुकडा कापला तर आतून पाणी धारेने आलं. गोळ्यांमधल्या पोकळीत तांबड्या मुंग्यांनी घर केलं होतं आणि एका टोकाला वाळवीची माती चढली होती. फोम हे वाळवीचं अन्न नाही, पण ऊबदार, अंधारी जागा म्हणून ती त्यात बोगदे कोरते. त्या घराचं सगळं काम मी स्वखर्चाने काढून पुन्हा केलं. तेव्हापासून मागच्या बाजूला दातेरी थापीने पूर्ण माल लावल्याशिवाय एकही तुकडा भिंतीवर चढू देत नाही. तुम्ही स्वतः परांचीखाली उभ्या राहा आणि पहिला तुकडा चिकटवल्यावर लगेच काढायला सांगा. भिंतीवर आणि तुकड्यावर, दोन्हीकडे माल सगळीकडे लागलेला दिसला पाहिजे.

मागची भिंतही बघून घ्या. नवीन गिलाव्याला पाणी मारून झाल्यावर तो वाळायला चार आठवडे द्या. करणीच्या दांड्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेवढा गिलावा काढा. रंग किंवा पुट्टी मारलेल्या भिंतीवर फोम कधीही चिकटवू नये. फोमच्या मागचा माल रंगाला घट्ट धरतो आणि रंग भिंतीला सोडतो, मग सगळं एकत्र खाली येतं. चिऱ्याच्या भिंतीत आणखी एक अडचण आहे. चिरा सच्छिद्र असतो, कुठे कठीण तर कुठे भुसभुशीत, त्यामुळे अँकर (भोक पाडून ठोकायची खुंटी) सगळीकडे सारखा धरत नाही. तुमचं कॉर्निस सुदैवाने स्लॅबच्या पातळीवर म्हणजे बीमवर येतंय. अँकर बीममध्येच मारा, काँक्रीटमध्ये किमान ५० मिलिमीटर जाईल इतका लांब, डोक्याला मोठी प्लास्टिकची चकती असलेला. दर मीटरला दोन पुरेत. चकतीवर जाळीचा तुकडा लावून मग लेप.

हलकं आहे तर अँकर हवेत कशाला, असं सगळेच विचारतात. वजनासाठी नकोतच, वाऱ्यासाठी हवेत. वाऱ्याच्या भारासाठी आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. त्या वेगाच्या वर्गाला ०.६ ने गुणलं की दाब येतो, दर चौरस मीटरला साधारण ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलोचा भार. इमारतीच्या कोपऱ्यांशी वारा नुसता ढकलत नाही, ओढतोही, आणि तिथे जोर जास्त असतो. पाच किलोच्या तुकड्याला काही क्षण त्याच्या वजनाच्या कित्येक पट ओढ बसू शकते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूने आत शिरलं, त्यानंतर रायगडमधली दोन कामं मी पाहायला गेलो होतो. पूर्ण माल आणि अँकर असलेलं कॉर्निस जागेवर होतं. ज्या घरी पट्ट्या नुसत्या गोळ्यांवर चिकटवल्या होत्या, तिथे कोपऱ्यापासून सुरू होऊन सलग चार तुकडे अंगणात पडले होते.

सांध्यांबद्दल सांगतो, कारण भेगा तिथेच येतात. ईपीएस तापलं की काँक्रीटच्या पाच-सहा पट पसरतं. मोकळा ठेवलेला तीन मीटरचा तुकडा ४० अंशांच्या फरकाने सात-आठ मिलिमीटर वाढतो, तेवढंच काँक्रीट सव्वा-दीड मिलिमीटर. भिंतीला चिकटलेला फोम मऊ असल्यामुळे एवढा हलत नाही, ताण आतल्या आत जिरवतो, पण उरलेला सगळा ताण सांध्यावर येतो. दोन तुकड्यांची तोंडं फोमला चालणाऱ्या पीयू (पॉलियुरेथेन) ॲडहेसिव्हने जोडायची, वाळल्यावर घासायची, वरून जाळी १०० मिलिमीटर एकमेकींवर चढवायची आणि मगच लेप. सांध्यात वॉल पुट्टी किंवा पीओपी भरताना कोणी दिसलं तर काम तिथेच थांबवा. पीओपी बाहेर पाण्यात फुगतं, त्याच्यावर काहीही मारलं तरी.

जाळी बारमाही क्षारात टिकणारी हवी. सिमेंट स्वतःच क्षारयुक्त असतं, साधी काचतंतूची जाळी ते दोन-चार वर्षांत खाऊन टाकतं. चौरस मीटरला १४५ ते १६० ग्रॅम वजनाची, क्षाररोधक, असं कंत्राटात लिहून घ्या. जाळी लेपाच्या मधोमध बुडालेली हवी. आधी जाळी फोमवर टाकून वरून लेप थापणारे बरेच आहेत, त्यात जाळी फोमला चिकटून राहते आणि वरचा लेप जाळीशिवायचाच होतो. आधी लेप, त्यात जाळी दाबायची, मग पुन्हा लेप.

दुकानात किंवा कारखान्यात गेलात तर स्वयंपाकघरातला वजनकाटा सोबत न्या. त्यांच्याकडचा १० सेंटिमीटरचा घन कापून घ्या, बरोबर एक लिटर आकारमान होतं. वजन २० ग्रॅमच्या आसपास भरलं तर घनमीटरला २० किलोची घनता. दहा-बारा ग्रॅम भरलं तर तो पॅकिंगचा माल, मण्यांमध्ये फटी जास्त, पाणी जास्त धरणार आणि लेपाखाली दबणार. बोटाने चोळून मणी सुटतात का तेही पाहा. ईपीएसच्या भारतीय मानकात, आयएस ४६७१ मध्ये, साधा आणि आपोआप विझणारा असे दोन प्रकार आहेत. दुसराच मागा. ओळखायला छोटा तुकडा चिमट्यात धरून, मोकळ्या जागी, जवळ पाण्याची बादली ठेवून पेटवा. ज्योत काढल्यावर तो आक्रसून विझला पाहिजे. पेटते थेंब गळत राहिले तर तो माल घरी आणू नका.

आगीचा विषय निघालाच आहे तर नीट बोलतो, कारण या धंद्यात त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपोआप विझणारा फोमसुद्धा मोठ्या ज्वाळेत वितळतो आणि जळतो. २५ जानेवारी २००८ ला अमेरिकेत लास व्हेगासच्या माँटे कार्लो हॉटेलला गच्चीवरच्या कटिंगच्या कामातून आग लागली. ती माथ्यावरच्या फोमच्या सजावटीतून दर्शनी भागावर पसरत गेली. सुदैवाने कोणी दगावलं नाही. नंतर अभ्यासात दिसलं की माथ्याजवळच्या सजावटीच्या काही भागांवर नेहमीचा जाळी-सिमेंटचा लेप नव्हता, पॉलियुरेथेन रेझिनचा लेप होता. आपल्याकडेही रेझिनचा किंवा फवारलेला चकचकीत लेप दिलेले तुकडे विकायला असतात, गुळगुळीत आणि दिसायला मोहक. घराबाहेर ते नकोत. राष्ट्रीय बांधकाम संहितेत १५ मीटरपासून वरची इमारत उंच इमारत धरतात, तशा इमारतीवर मी सलग फोमच्या पट्ट्यांचं काम घेत नाही. तुमचा बंगला दोन मजली आहे. पण खिडक्यांच्या आणि गॅलरीच्या ग्रिलचं वेल्डिंग फोम बसवण्याआधी संपवा. लेप न दिलेल्या फोमवर एक ठिणगी पडली की आत खोल खड्डा होतो आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. मीटरबॉक्सभोवती आणि स्वयंपाकघराच्या चिमणीच्या तोंडाशी फोम नको.

खांबांकडे येतो. गोल आवरण दोन अर्ध्या नळ्यांत येतं, मधल्या चौकोनी आरसीसी खांबावर जोडतात. उभा सांधा रस्त्याकडे येऊ देऊ नका, भिंतीच्या बाजूला वळवा. खालचे दोन फूट दगड किंवा सिमेंट म्हणालो ते गाडीच्या बंपरसाठी, मुलांच्या सायकलींसाठी आणि पाण्यासाठी. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या घराघरात शिरलं होतं, तुमचा प्लॉट त्या रेषेत येतो का हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत. पाणी चढलेल्या भिंतीवर फोमच्या मागे गाळ अडकला तर तो धुऊन काढता येत नाही. फोम जिथे दगडावर टेकतो तिथे बोटभर फट ठेवून सीलंट भरा, नाहीतर पोर्च धुताना पाणी वर शोषलं जातं. आणि या आवरणाला काहीही टांगायचं नाही. झोपाळा, गुढीची काठी बांधायची कडी, दिव्याचं ब्रॅकेट, कॅमेरा, यातलं जे हवं असेल त्याची जागा आत्ताच ठरवा आणि त्याचा बोल्ट फोममधून आरपार मूळ खांबात जाईल अशी पाइपची नळी घालून ठेवा. गॅलरीला फोमचे बलस्टर (कठड्याचे छोटे नक्षीदार खांब) लावून त्यालाच कठडा समजणारी घरं मी पाहिली आहेत. तिथे लहान मूल टेकलेलं पाहून माझ्या पोटात गोळा आला होता. मागे स्टीलचा खरा कठडा असल्याशिवाय ते लावू नका, कोणी कितीही भक्कम म्हटलं तरी.

रंगाचं थोडक्यात. ईपीएस पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन यांनी विरघळतं. ऑइल पेंट, थिनरवर चालणारा प्रायमर, सॉल्व्हंटचं ॲडहेसिव्ह, सगळं वर्ज्य. बाहेरचा पाण्याचा ॲक्रिलिक रंग, बुरशीरोधक. रंग फिका घ्या. गडद कॉफी किंवा काळा रंग पश्चिमेच्या उन्हात इतका तापतो की आतला फोम नरम होऊ शकतो, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे ईपीएस भरवशाचं नसतं. विदर्भात मी हे पाहिलंय, नागपूरकडच्या एका घरी चॉकलेटी पट्ट्या लाटांसारख्या दिसत होत्या.

काम दसऱ्यानंतर सुरू करा. फोम आणून उन्हात टाकून ठेवू देऊ नका, अतिनील किरणांनी वरचा थर पिवळा पडून भुकटी होते आणि लेप त्या भुकटीला चिकटतो. पिवळा पडलाच तर काचपेपरने घासून, ब्रशने झाडून मगच पुढे. कापताना-घासताना उडणारे मणी गोणीत भरायला लावा. ते हलके असतात, वाऱ्याने गटारात आणि तिथून वाशिष्ठीत जातात, मग कोणालाच गोळा करता येत नाहीत.

कंत्राटदार भाव रनिंग फुटावर देईल. त्या भावात परांची, सांधे, कोपरे, अँकर, पत्र्याची टोपी आणि रंग धरलाय का, एकेक विचारा. दहा वर्षांची गॅरंटी म्हणाला तर कशाची ते लिहून घ्या. फोमची गॅरंटी काही उपयोगाची नाही, फोम तसाही राहतोच. सांध्याच्या भेगा आणि वरच्या रेघेतून येणारी ओल, या दोन्हींची द्या म्हणावं. पुढे दरवर्षी मृगाच्या आधी एकदा शिडी लावून, शिडी भिंतीला टेकवून, फोमला नव्हे, माथा बघून घ्यायचा. साचलेला पाला काढायचा, भेग दिसली तर तेवढीच कापून जाळीसकट दुरुस्त करायची. वरून नुसता रंग मारून ती झाकू नका, पाणी आत कोंडलं जातं.

तुमचं घर अजून गिलाव्यावर आहे आणि हा एप्रिल आहे, म्हणून एक सुचवतो. दर्शनी कामाची घाई करू नका. मागच्या बाजूला, जिथे पश्चिमेचा पाऊस थेट झोडपतो, तिथे बीमवर दीड मीटरचा नमुना आत्ता करून घ्या. मधोमध एक सांधा हवाच, माथ्याला उतार, टोपी, ड्रिप पट्टी, सगळं ठरल्याप्रमाणे आणि ज्या माणसांकडून पुढचं काम करायचं त्यांच्याच हातून. पावसाळाभर तो तसाच राहू द्या. ऑक्टोबरमध्ये सांध्यापाशी करवतीने आडवा छेद घ्या आणि मागचा गिलावा हाताने दाबून बघा. तो कोरडा लागला आणि जाळी लेपाच्या मध्ये दिसली, तर त्याच माणसांना दर्शनी बाजूची परांची बांधायला सांगा. ओल असेल तर त्या कापलेल्या तोंडाचा जवळून फोटो काढून मला दाखवा, पाणी वरून आलं की सांध्यातून हे त्यावरून सांगता येतं.